डावखुरा विळा

मुरबाड-शहापूरकडे माणसाचा हात जातो तो बहुधा कामावरच. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यातली पॉवर प्रेस, वीटभट्टीवरचं माती मळायचं यंत्र, भाताचं मळणीयंत्र, कडबाकुट्टी, रसवंतीचा चरक, गिरणीचा पट्टा आणि विजेची तार. पाय गमावणाऱ्यांत मधुमेहाने पाय सडलेले वयस्क लोक बरेच असतात. हात गमावणारा बहुतेक वेळा तरुण, कमावता असतो आणि अपघाताच्या क्षणापर्यंत त्याची तब्येत ठणठणीत असते. त्या संध्याकाळी त्याला पाणीसुद्धा दुसऱ्या कुणीतरी पाजावं लागतं.

या भागात वाढलेल्या एका व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी उमेदीची वर्षं अशा माणसांबरोबर काढली. शिक्षण मुंबईत, पहिली नोकरीही मुंबईतल्या एका रुग्णालयात. पुढे त्या गावाकडे परतल्या आणि मुरबाडला आठवडी बाजाराच्या दिवशी बसू लागल्या. त्यांना सगळे ताईच म्हणतात. व्यवसायोपचार म्हणजे नेमकं काय, हे त्यांना अजूनही जवळजवळ रोज समजावून सांगावं लागतं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर वेगळा, कृत्रिम हात बनवणारा तंत्रज्ञ वेगळा. तो हात घेऊन किंवा हाताशिवाय माणूस जेवेल कसा, न्हाईल कसा, कमावेल कसा, हे शिकवायचं काम ताईंचं. रुग्णांची नावं त्या सांगत नाहीत. या लेखातही ती नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून गावंही मोघम ठेवली आहेत.

गेल्या काही वर्षांत येणारा जवळजवळ प्रत्येक जण खिशातून मोबाइल काढतो आणि एक व्हिडिओ दाखवतो. काळा चकचकीत यांत्रिक हात, एकेक बोट वेगळं हलतंय, चिमटीत अंडं धरलंय. ‘ताई, असा पाहिजे.’ मागणी रास्तच आहे. ताई त्या मागणीला कधी हसत नाहीत आणि लगेच नाहीही म्हणत नाहीत. त्या आधी तो हात कसा चालतो ते समजावून सांगतात.

हात कोपराखाली तुटला तरी बोटं मिटणारे आणि उघडणारे स्नायू कोपराजवळ बऱ्याच अंशी शिल्लक असतात. नसलेली मूठ मनात आवळली की ते स्नायू आखडतात आणि कातडीवर अतिशय क्षीण विद्युतसंकेत उमटतो, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. उरलेल्या हातावर चढणाऱ्या खोबणीच्या, म्हणजे सॉकेटच्या, आत बसवलेले इलेक्ट्रोड तो पकडतात आणि मोटर फिरवतात. या हाताला मायोइलेक्ट्रिक हात म्हणतात. कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाशेवटाला आणि त्यानंतर म्युनिकमध्ये राइनहोल्ड रायटर यांनी असा हात चालवून पाहिला होता, आणि १९६०च्या सुमारास मॉस्कोत तयार झालेला हात जगभर गाजला. प्रत्येक बोटाला स्वतंत्र मोटर असलेला, बाजारात विकत मिळणारा हात २००७ साली स्कॉटलंडमधून आला. व्हिडिओत दिसतात ते हात या घराण्यातले. त्यांची किंमत काही लाखांत जाते.

पॉवर प्रेसमध्ये उजवा हात मनगटाच्या वर गमावलेल्या एका तरुणाला देणगीतून असा हात मिळाला. हात यायच्या आधी काही आठवडे त्याला ताईंकडे नुसते स्नायू वेगळे करायला शिकावं लागलं. मूठ मिटायचा विचार केला की आतला स्नायू, उघडायचा केला की बाहेरचा. सुरुवातीला दोन्ही एकदम आखडायचे आणि पडद्यावरच्या दोन्ही रेषा एकत्रच वर जायच्या. पंधरा मिनिटांत त्याला घाम फुटायचा. वरवर पाहता तो खुर्चीत स्वस्थ बसलेला असे, म्हणून त्याचा बाप एकदा म्हणाला, ‘हा नुसता बसून दमतो कसा?’ कोपराखालच्या स्नायूंचं सगळं बळ पणाला लागलेलं असायचं.

हात बसवल्यावर त्याने कागदी कपातला चहा उचलला आणि कप चेपून चहा मांडीवर सांडला. या हाताला स्पर्श कळत नाही. किती जोर लागतोय हे डोळ्यांनी पाहूनच ठरवावं लागतं, त्यामुळे नजर सतत हातावर. गप्पा मारता मारता कप उचलणं, अंधारात दाराची कडी चाचपणं ही कामं त्यातून जवळजवळ बाद होतात. तरी तो मुलगा चिकाटीचा. महिन्या-दोन महिन्यांत तो बाटलीचं झाकण उघडू लागला, मोटारसायकलची चावी धरू लागला, कागद दाबून डाव्या हाताने सही करू लागला.

मग पाऊस आला.

जून ते सप्टेंबर मुरबाडकडे हवा ओलीच असते. सॉकेट घट्ट बसलं तरच इलेक्ट्रोड कातडीला टेकतात, आणि घट्ट सॉकेटमध्ये घाम साठतो. घामाने संकेत बिघडले की हात मधेच उघडतो किंवा मिटल्यावर उघडायचं नाव घेत नाही. कातडीवर पुरळ उठतं, ते बरं होईपर्यंत हात काढून ठेवावा लागतो. त्यात पावसाळ्यात वाडीवर वीज गेली की चार्जिंगचा प्रश्न. आणि आवणीच्या दिवसांत सगळं घर गुडघाभर चिखलात असताना लाखोंचा हात घालून शेतात कोण उतरणार? तो हात कपाटात गेला. लग्नाला, बँकेत, तालुक्याला जाताना निघायचा. ताई याला अपयश मानत नाहीत. हात त्याच्या चार कामांना उपयोगी पडत होता. त्याची उरलेली दहा कामं शेतावर होती.

त्या दहा कामांसाठी त्यांनी त्याला हूक दिला. नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. पोलादाचा दुफाटी आकडा, खांद्यावरून पट्टे, पाठीवरून जाणारी तार. खांदे पुढे झुकवले की तार ताणली जाते आणि आकडा उघडतो. सैल सोडले की रबराच्या कड्या त्याला मिटवतात. जितक्या कड्या जास्त तितकी पकड घट्ट. एका कडीने साधारण अर्धा किलोच्या आसपास जोर वाढतो. ही रचना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड डॉरन्स यांचा उजवा हात लाकडाच्या गिरणीतल्या अपघातात गेला होता. त्यांनी स्वतःसाठी हा दुफाटी हूक केला आणि १९१२ साली त्याचं पेटंट घेतलं. हात गमावलेल्या कामगाराने कामगाराच्या गरजेतून केलेली वस्तू आहे ती, आणि वापरताना हे जाणवतं. ती चिखलात बुडते, धुता येते, तिला चार्जिंग लागत नाही. तारेचा ताण खांद्याला कळतो म्हणून आकडा किती उघडला-मिटला याचा अंदाज न पाहताही येतो. महागड्या हाताला न मिळालेली ही जाणीव साध्या तारेने मिळते, हे ताई प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला स्वतः हूक बांधायला लावून दाखवतात.

तरुणाने हूक बांधला आणि कापणीला उभा राहिला. तिथे वेगळीच अडचण निघाली. विळा चालेना. भाताची मूठ हुकात धरता येत होती, डाव्या हातात जोरही होता, पण कापताना विळा निसटायचा. लोहाराला दाखवल्यावर त्याने एका नजरेत ओळखलं. बाजारातल्या विळ्याची धार आणि दाते उजव्या हाताच्या चालीने काढलेले असतात. त्याने डाव्या हाताचा विळा घडवून दिला, दाते उलट्या बाजूने. मुठीला थोडा बाक दिला. त्या हंगामात तो पोरगा घरच्यांच्या बरोबरीने कापणीला होता, मागे राहिला पण उभा होता. भारा बांधताना पेंढ्याचा बंध हुकाखाली दाबायचा आणि डाव्या हाताने पीळ द्यायचा, ही युक्ती त्याने स्वतः शोधली. ताईंनी ती पुढे अनेकांना शिकवली. आवणीत मात्र तो हूकही काढून ठेवायचा. रोपांची मूठ उजव्या कोपराच्या खाचेत धरायची आणि डाव्या हाताने एकेक रोप लावायचं.

तिथून ताईंची प्रश्न विचारायची रीत बदलली. कोणता हात बसवायचा हे त्या शेवटी विचारतात. आधी विचारतात, सकाळी उठल्यापासून काय काय करता. तांब्या कुठे ठेवता, चूल की गॅस, शेत कुणाचं, वीटभट्टीवर कधी जाता, गुरं किती, मोळी कोण आणतं. ही यादी नीट ऐकली की हात आपोआप ठरतो. पुष्कळदा एकाच माणसाला दोन साधनं लागतात. कधी एकही लागत नाही.

या यादीत एक गोष्ट असते, ती कुणी आपणहून सांगत नाही. आपल्याकडे उजव्या हाताने जेवायचं आणि डाव्याने शौच धुवायचं. एक हात गेला की दोन्ही कामं त्याच हाताला. उजवा गेलेल्याला डाव्याने जेवावं लागतं, प्रसाद घ्यावा लागतो. पंगतीत शेजारचा सरकून बसतो, घरातली म्हातारी माणसं तोंड फिरवतात. एक कमावता गडी लग्नाकार्याला जाणंच सोडून बसला होता, ते याचसाठी. ताईंनी त्याच्या घरी जाऊन आजीसमोरच हा विषय काढला. साबण, नखं, पाण्याचा नळ, चमच्याने जेवायची सवय, सगळं उघडपणे बोलून घेतलं. आजीने बरंच ऐकून घेतल्यावर विचारलं, ‘मग देवाला काय चालंल?’ ताईंनी उत्तर दिलं नाही, आजीलाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? आजी म्हणाली, ‘देवानंच एक ठेवलाय ना.’ त्या वर्षी गडी भावकीतल्या लग्नाला जाऊन पंगतीत जेवून आला. या प्रश्नाला कुठल्याही बायोनिक हाताकडे उत्तर नाही, कारण तो हात मुळात ओला करायचा नसतो. परदेशी पुस्तकांत याविषयी फारसं काही सापडत नाही. आपल्या प्रशिक्षणात याला स्वतंत्र धडा असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

असंच दुसरं एक. एका हाताने सगळं अंग धुता येतं, तो हात सोडून. उरलेल्या हाताची काख, कोपर, दंड कसे धुवायचे? ताई न्हाणीच्या भिंतीला घासणी ठोकून घ्यायला सांगतात आणि अंग तिच्यावर घासायला शिकवतात. दोन खिळ्यांचं काम, पण न्हाताना बायकोला किंवा आईला बोलावणं बंद होतं, आणि त्यानंतर माणसाची मान वर होते.

वीटभट्टीवर दंडापासून डावा हात गमावलेली एक बाई त्यांच्याकडे आली. दिवाळीनंतर घरदार घेऊन भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं, असं तिचं वर्ष. उचल घेतलेली होती, त्यामुळे हात गेल्यावरही नवऱ्याला हंगाम पुरा करावा लागला आणि ती लहान पोराला घेऊन वाडीवर एकटी राहिली. कोपराच्या वरून हात गेला की कृत्रिम हात फार अवघड होतो. कोपर वेगळं वाकवायचं, मग कुलूप लावायचं, मग पंजा चालवायचा, आणि हे सगळं एकाच खांद्याच्या हालचालींतून. वजनही वाढतं. तिने तो हात दोनदा घालून पाहिला आणि परत दिला. ‘ह्यापरीस मोकळी बरी,’ म्हणाली.

मग एका हाताचंच शिक्षण सुरू झालं. परातीखाली ओलं फडकं घातलं की पीठ मळताना परात फिरत नाही. विळी तर पायाखालीच असते, तेवढी आपल्या बायकांची सोय जुनीच आहे. कांदा-बटाटा टोचून धरायला फळीवर दोन खिळे उलटे ठोकले. परकराच्या नाडीच्या जागी इलॅस्टिक, ब्लाऊजच्या हुकांच्या जागी दाबाची बटणं. पोराला पाठीशी बांधायचं फडकं दातांनी ओढून गाठ मारणं तिला ताईंच्या आधीच जमलं होतं. भाकरी एका हाताने थापायला मात्र वेळ लागला. ती काठाला फाटायची. आठवडे गेले, आणि एके दिवशी ती फडक्यात भाकरी गुंडाळून घेऊन आली.

ती भाकरी खाता खाता तिने खरी इच्छा सांगितली. तिला हात हवा होता, पण कामाला नाही. बांगड्या भरायला. नवरा जिवंत असताना एक बाजू भुंडी राहते, बाया बघतात, सासू बोलते. ताईंनी तिच्यासाठी बिनहालचालीचा, हलका, नुसता दिसायचा हात करून घेतला. त्यावर कातडीच्या रंगाचा मोजा चढवलेला. डॉक्टरी कागदावर अशा हाताचा उपयोग शून्य लिहिला जातो. ती म्हसाच्या जत्रेला तो घालून गेली, हिरवा चुडा भरून. हळदीचे डाग त्या मोज्यावरून जात नाहीत, म्हणून हळदी-कुंकवाला पदर ओढून घ्यायची. आजही ती तो हात सणासुदीलाच घालते आणि बाकी दिवस एका हाताने घर चालवते. कामाचा हात आणि मानाचा हात या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि सरकारी योजनांनी दुसरी गरज चैन समजू नये, असं ताई परखडपणे सांगतात.

दुखण्याबद्दलही बोललं पाहिजे. हात नसतो, पण तो दुखतो. बोटं तळव्यात रुतल्यासारखी वाटतात, मूठ उघडता येत नाही, कुणाला पेटल्यासारखं होतं. डॉक्टर याला फँटम पेन म्हणतात. अमेरिकी यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या अनुभवांवरून वेअर मिचेल यांनी १८७१च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. गावात मात्र माणूस हे सांगायला घाबरतो, कारण लोक वेडा ठरवतात किंवा बाहेरचं काही लागलं म्हणतात. एका घरात तुटलेला हात शेताच्या बांधावर पुरला होता. दुखणं थांबेना तेव्हा, पुरताना मूठ मिटलेली राहिली म्हणून असं होतंय, असं ठरलं आणि पुन्हा उकरायची तयारी चालली होती.

ताईंनी कपाटाचा आरसा मागवला. तो माणसाच्या छातीसमोर उभा धरला, शाबूत हात आरशापुढे आणि तुटलेला आरशामागे. आरशात पाहिलं की दोन्ही हात असल्याचा भास होतो. चांगली मूठ आवळायची, हळूहळू उघडायची, नजर आरशातल्या हातावर. व्ही. एस. रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदुशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात हा उपचार पुढे आणला. सगळ्यांना तो लागू पडतोच असं नाही, आणि ताई तसं वचनही देत नाहीत. या माणसाला पडला. आरशात बोटं उघडली तशी त्याला आतली मूठ सुटल्यासारखी वाटली आणि तो मोठ्याने रडला. हात उकरायचं राहून गेलं. पुढे कित्येक महिने तो रोज आरशासमोर बसत असे आणि घरच्यांनीही त्याला एकदा समजून घेतल्यावर हसणं सोडलं.

मुलांचं काम सगळ्यांत कठीण. विजेच्या तारेला चिकटून हात गमावलेला आश्रमशाळेतला एक मुलगा ताईंकडे वर्षानुवर्षं येत होता. वाढत्या मुलाचं सॉकेट वर्ष-दीड वर्षात लहान पडतं. दंडाचं हाड कापलेलं असलं तर ते टोकाला वाढत राहतं आणि कधीकधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. त्या मुलाने हात शाळेत नेला, पहिल्याच दिवशी पोरांनी तो खेळायला घेतला आणि त्याला त्याची मजाच वाटली. पुढे त्याने तो घालणं सोडलं. एका हाताने तो झाडावर चढायचा, कबड्डी खेळायचा, अक्षर सुरेख होतं. टोरांटोतल्या बिडिस आणि चाऊ या संशोधकांनी पंचवीस वर्षांतले अभ्यास तपासून २००७ साली मांडलेल्या आकड्यांनुसार प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा लोक कृत्रिम हात सोडून देतात. मुलांमध्ये तारेच्या हाताच्या बाबतीत हे प्रमाण ४५ टक्के आणि विजेच्या हाताच्या बाबतीत ३५ टक्के होतं. म्हणजे श्रीमंत देशांतही हीच कथा. मुलगा हाताशिवाय सुखात असेल तर त्याच्यावर हात लादू नये, फक्त त्याची पाठ आणि खांदे दरवर्षी तपासावेत, असं ताईंचं मत बनलं. एका बाजूला वजन कमी झालं की पाठीचा कणा त्या हिशेबाने झुकू लागतो. मोठ्यांमध्ये दहा-पंधरा वर्षांनी उरलेल्या हाताचा खांदा आणि मनगट कुरकुरायला लागतं, कारण दोघांचं काम एकटाच करत असतो.

कृत्रिम हात लवकर बसवण्याला महत्त्व आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या मेलोन यांच्या अभ्यासापासून हात गेल्यानंतरचे पहिले तीस दिवस मोलाचे मानले जातात. या काळात साधन मिळालं तर माणूस दोन हातांनी काम करायची सवय टिकवतो. उशीर झाला की तो एका हाताने सगळं जमवायला शिकतो आणि मग दुसरं साधन त्याला अडचणच वाटतं. मुरबाडकडे तीस दिवसांत साधा टाकाही सुकलेला नसतो. जखम, कर्ज, ठेकेदाराकडच्या खेपा, आणि हंगाम. लोक सहा-आठ महिन्यांनी येतात. तोवर स्टंपला, म्हणजे हाताच्या उरलेल्या टोकाला, सूज राहिलेली असते, कारण पट्टी कशी बांधायची ते कुणी सांगितलेलं नसतं. ती गोल गोल आवळायची नसते. आठाच्या आकड्यासारखी तिरकी, टोकाला घट्ट आणि वर सैल होत जाणारी बांधायची असते.

आणि अंतर. सिद्धगडाच्या माचीवर सिद्धगडवाडी आहे. हा तोच डोंगर, जिथे २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटाने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले होते. दरवर्षी त्या तारखेला पायथ्याशी माणसं जमतात. बाकी वर्षभर वर राहणाऱ्यांना खाली यायचं तर पायवाटच. उतरून नारिवली गाठायची, मुरबाडला यायचं, तिथून एसटीने कल्याण, लोकलने दादर, तिथे गाडी बदलून महालक्ष्मी, आणि मग हाजीअलीचं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थान. केंद्र सरकारची ही संस्था १९५५ पासून हे काम करते आहे. दुसरा पर्याय पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र, दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झालेलं आणि नागरिकांनाही सेवा देणारं. दोन्ही ठिकाणी काम चांगलं होतं. पण हात म्हणजे एका खेपेची गोष्ट नाही. माप, जोडणी, दुरुस्ती, प्रशिक्षण, पुन्हा दुरुस्ती. तुटलेल्या रबराच्या कडीसाठी वरच्या वाडीतल्या माणसाचे दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी जाते. एकाने सायकलच्या ट्यूबच्या कड्या कापून वापरल्या आणि त्या चालल्याही. तार तुटली तेव्हा मात्र हूक खुंटीला लागला.

म्हणून ताई बाजाराच्या दिवशी बसतात, आणि पौषात म्हसाच्या जत्रेतही फिरतात. जत्रेत जुने रुग्ण हटकून भेटतात. बैलांच्या बाजारात एकाने हुकात कासरा धरलेला दिसला की त्या लांबूनच त्याची पकड तपासतात.

कागदपत्रांचं कामही त्यांच्याच गळ्यात पडतं. कोपराखालून हात गेला असेल तर सरकारी निकषांनुसार अपंगत्व ६५ ते ७० टक्क्यांच्या घरात धरलं जातं, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्क्यांपासून पुढे सवलती लागू होतात. कामावर हात गेला तर काय, याविषयी २०२५पर्यंत लागू असलेल्या १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात पंजा जाणं म्हणजे कमाईची ६० टक्के क्षमता जाणं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण हजेरीपटावर नावच नसलेल्या ठेकेदारी कामगाराला हे सिद्ध करता करता वर्षं जातात. पॉवर प्रेसच्या त्या मुलाला तडजोडीच्या रकमेवर सही करायला सांगितलं गेलं तेव्हा तो अजून दवाखान्यातच होता, आणि सहीचा हातच राहिलेला नव्हता. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. रेशनच्या मशिनवर उजव्या हाताची बोटं नोंदलेली असली की धान्य अडतं. त्यासाठी आधारकेंद्रावर नोंद बदलून घ्यावी लागते. या गोष्टी पुनर्वसनात मोडत नाहीत असं मानणाऱ्याने एकदा रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या माणसाला भेटावं.

विज्ञान पुढे जातं आहे आणि ताई त्याकडे आशेनेच पाहतात. शिकागोत टॉड कुइकेन यांनी २००२ साली विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेल्या एका तारतंत्र्याच्या हातातल्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या; मूठ मिटायचा विचार केला की छातीचा स्नायू हलतो आणि यांत्रिक हात चालतो. कोची इथे २०१५ साली भारतातलं पहिलं हातांचं प्रत्यारोपण झालं. घाटकोपर स्थानकात २०१४ साली दोन्ही हात गमावलेल्या तरुणीवर २०२० साली मुंबईत तसं प्रत्यारोपण झालं; त्याआधी तिने कृत्रिम हातही वापरले होते. प्रत्यारोपणानंतर शरीराने परका हात नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात. पुण्यात प्रशांत गाडे यांनी विजेचा स्वस्त हात बनवायचा ध्यास घेतला आणि त्यांच्या इनाली हातामुळे लाखोंची किंमत बरीच खाली आली. रोटरी क्लब एलएन-४ नावाचा साधा प्लॅस्टिकचा हात शिबिरांतून मोफत देतात. कोपराखाली पुरेसा भाग शिल्लक असेल त्याला तो चमचा, पेन, हँडल धरायला उपयोगी पडतो. हे सगळं हवं आहे. ताईंची तक्रार एकच. शिबिरात हात मिळतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी शिकवायला कुणी नसतं.

मळणीयंत्राविषयी त्या अधिक कठोर बोलतात. अशा यंत्रांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला आहे. यंत्राच्या तोंडाशी किमान ९० सेंटिमीटर लांबीची, अर्ध्यापर्यंत झाकलेली घसरण असली तर पेंढी लोटणाऱ्याचा हात आतल्या दात्यांपर्यंत पोहोचतच नाही. पत्र्याचं काम आहे, गावातला वेल्डरही करून देतो. भाड्याने फिरणाऱ्या अनेक यंत्रांना ती नसते, किंवा काम भराभर व्हावं म्हणून काढून टाकलेली असते.

कुणाचा हात जाण्याची वेळ आलीच, तर ताईंचं सांगणं असं: शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारा की कोपर वाचेल का, जितकी लांबी राखता येईल तितकी राखता येईल का. टाके निघायच्या आधीच पट्टी बांधायला शिकून घ्या. खांदा आणि कोपर रोज हलवत राहा, ती आखडली तर पुढे कुठलाच हात बसत नाही. जखम सुकायची वाट न पाहता हाजीअलीला किंवा पुण्याला नाव नोंदवून ठेवा. भरपाईच्या कागदावर रुग्णालयात असताना सही किंवा अंगठा देऊ नका. आणि तालुक्यासाठी त्यांची एक मागणी आहे, ती त्या प्रत्येक बैठकीत मांडतात: मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस कृत्रिम हातपाय दुरुस्त करणारा तंत्रज्ञ बसावा, सोबत रबराच्या कड्या, तारा आणि पट्टे घेऊन.